डोळे मिटले की सात नंबरचा पंप वाजतो

“मॅडम, ध्यानाला वेळ नाही हे तर आहेच. पण वेळ काढून बसले की आधीपेक्षा जास्त घाबरायला होतं. मला हे जमणारच नाही का?”

डॉक्टर, नर्स, टेक्निशियन, आरोग्यसेवेतलं कुणीही समुपदेशनाला आलं की थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारतं. त्याचं उत्तर एका आयसीयू नर्सच्या अनुभवातून देते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे तिला सिस्टरच म्हणू.

सिस्टर आली ती झोपेची तक्रार घेऊन. ड्युटी संपवून घरी आलं तरी कान वॉर्डातच. रात्री उठून वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा पोटॅशियमचा रिपोर्ट आला का ते बघायचं. रुग्णालयाने स्टाफला ध्यानाचं एक ॲप दिलं होतं. हेडफोन लावून, डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं. दुसऱ्याच मिनिटाला तिची छाती धडधडायला लागायची. बाकीच्या जणी म्हणायच्या, छान वाटतं गं. त्यामुळे आपल्यातच काहीतरी खोट आहे असं तिने मनाशी धरलं होतं.

“डोळे मिटल्यावर नेमकं काय होतं?” मी विचारलं.

“इन्फ्युजन पंप वाजतोय असं वाटतं.” म्हणजे शिरेतून औषध ठरावीक वेगाने सोडणारं, काही अडलं की वाजणारं यंत्र.

“कुठला?”

“सात नंबरचा.” स्वतःच हसली. मग सांगायला लागली. सात नंबरचा बेड खांबाआड आहे. नर्सिंग स्टेशनवरच्या खुर्चीतून तो दिसत नाही, त्यामुळे कायम तिकडे कान लावून बसावं लागतं. एरवी एका नजरेत मॉनिटर, सलाईन, रुग्णाचा चेहरा सगळं टिपता येतं. सात नंबरचं फक्त ऐकू येतं.

इथे गाठ सुटायला लागली. वर्षानुवर्षं जिच्या कानांना ‘दिसत नाही तिथला आवाज चुकवायचा नाही’ हे वळण लागलंय, तिला डोळे मिटून बसवलं की कान दुप्पट जोराने कामाला लागणारच. त्यात तिची खोट कसली? डोळे मिटलेच पाहिजेत असा सजगतेचा काही नियम नाही. आम्ही डोळे उघडे ठेवले, नजर जमिनीवर, लक्ष तळपायांवर. बुटात पाय कुठे दाबले जातात, कुठली टाच जास्त दुखते एवढंच बघायचं. श्वास सोडताना किंचित लांबवायचा. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूमुळे, हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तरुण रुग्णांच्या मॉनिटरवर श्वासागणिक ठोके मागेपुढे होताना ती रोज बघते. “ते माझ्याही बाबतीत होतं, हे कधी डोक्यातच आलं नाही,” म्हणाली.

आता वेळेचा मुद्दा. रुग्णालयात माइंडफुलनेस, म्हणजे सजगता, शिकवण्याचा आजचा साचा जॉन कबॅट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. 8 आठवड्यांचा अभ्यासक्रम, घरी रोज साधारण 45 मिनिटांचा सराव. तो बेतला होता जुनाट दुखणी आणि ताण घेऊन येणाऱ्या रुग्णांसाठी. ज्यांना जमतं त्यांनी तो जरूर करावा. पण नाईट संपवून घरी आल्यावर डबे भरणाऱ्या बाईला पाऊण तास बसायला सांगणं म्हणजे तिच्या कामाच्या यादीत आणखी एक न झालेलं काम वाढवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून हात मुळातच जिथे थांबतात तिथून सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे हँडरब (हातांचं जंतुनाशक) चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात, साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद. एका ड्युटीत हे कितीतरी वेळा होतं आणि ते टाळता येत नाही. तेवढ्या वेळात हातांवरच राहायचं: तळव्याला लागणारा गारवा, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. मन पुढच्या बेडवर पळालं की पळालं म्हणायचं आणि पुन्हा बोटांवर यायचं. कोड, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवायची धावपळ, चालू असताना हे करायला जाऊ नये. तेव्हा लक्ष असावं तिथेच असतं.

“एवढंच?” सिस्टरचा चेहरा पडला होता.

काही आठवड्यांनी ती आली तेव्हा शांत वगैरे झाली नव्हती. पण दोन गोष्टी तिला दिसायला लागल्या होत्या. ड्युटीभर आपण दातांवर दात दाबून धरतो, ही एक. दुसरी म्हणजे नातेवाईक ‘तुम्ही काही करतच नाही’ म्हणाले की आधी मान तापते आणि मग तोंड सुटतं. मान तापतेय हे कळलं की अर्धा क्षण हातात मिळतो. कधी तो वापरता येतो, कधी येत नाही. एकदा तर मान तापलेली कळूनही ती फाडकन बोललीच, आणि हसत सांगितलंही.

मग हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवणं. रजिस्टरवर सही झाल्यावर दारातून बाहेर पडताना मनात एक वाक्य म्हणायचं ठरलं: सात नंबर आता पुढच्या सिस्टरकडे. शिवाय ग्रुप म्यूट. खरंच गरज पडली तर इनचार्ज फोन करतील. पहिले काही दिवस तिला हे फार जड गेलं, म्यूट काढून चोरून बघितलंही.

पण खरा फरक कशाने पडला? इनचार्ज सिस्टरशी बोलून तिने स्टेशनवरची खुर्ची काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथून सात नंबर दिसतो. माझ्या कुठल्याही श्वासाच्या सरावापेक्षा ही खुर्ची जास्त कामी आली असं मला वाटतं, आणि ते सांगण्यात मला कमीपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तीही आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. सिस्टरचं त्राण गेलं होतं, कडवटपणा आला नव्हता. ताण जर कामाच्या ठिकाणी तयार होत असेल तर माणसं कमी असलेल्या वॉर्डात स्टाफऐवजी हेडफोन वाटून भागत नाही. सलग डबल ड्युटीचा तिचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यासाठी रोस्टरच बदलावं लागेल.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. शांत बसल्यावर एखादा ठरावीक मृत्यू किंवा प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, झोपेसाठी दारू किंवा गोळी लागत असेल, जगणं नको वाटत असेल, तर हे सराव बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषधांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्या हातात असते त्यांनी तर एक दिवसही लांबवू नये. सहकाऱ्यांना कळेल ही धास्ती असेल तर आपल्या रुग्णालयाबाहेरचे डॉक्टर गाठा.

मागच्या भेटीत सिस्टर वेगळंच विचारत होती. व्यवस्थापनाला आता हँडओव्हरच्या आधी सगळ्यांकडून पाच मिनिटं ध्यान करून घ्यायचंय, डोळे मिटून. मी म्हटलं, सक्ती नको, डोळे मिटायची अट नको, आणि ती पाच मिनिटं ड्युटीच्या वेळेतली असावीत. पहिल्या दोन गोष्टी इनचार्जनी मान्य केल्या आहेत. तिसरीवर बोलणी चालू आहेत.