केळीची ठिबक आणि गणपतीतला पाऊस

प्रश्न : शारजात नोकरीला असलेल्या भाच्याने तिथल्या ‘रेन रूम’चा व्हिडिओ पाठवला. धो धो पावसातून माणूस चालतो आणि कोरडाच! यंदा गणपतीत आमच्या मंडळाला असाच देखावा करायचाय. केळीची जुनी ठिबक पडून आहे. जमेल का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, पाऊस जमेल. माणूस बघून थांबणारा पाऊस मात्र विसरा. ती करामत ‘रँडम इंटरनॅशनल’ या कलाकारांच्या गटाची. 2012 मध्ये लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात मांडली, शारजात 2018 पासून कायमची आहे. कॅमेरे माणूस कुठे उभा आहे ते टिपतात आणि छतातले तेवढ्याच जागेचे व्हॉल्व्ह बंद होतात. पळालात तर भिजलातच. तुमच्या लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्यांचं, तसं नाही. कॉक बंद केला तरी नळीत उरलेलं पाणी ठिबकत राहतं, तोवर पाहुणा चिंब.

म्हणून वाटच कोरडी ठेवा, पाचेक फुटांची. तिच्या दोन्ही अंगांना, दहा फूट उंचीवर, तीन-तीन लॅटरल खेटून बांधा. ड्रिपर, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या, एका रेषेत न येता मागेपुढे येऊ द्या. ताशी 4 लिटरचा ड्रिपर सेकंदाला वीसेक थेंब सोडतो, म्हणजे धो धो नाही, पण झड छान दिसेल. जुन्या नळ्या क्षारांनी चोंदल्या असणार. टोकं उघडून आधी धुऊन काढा, जाळीचा फिल्टर लावा.

खरी कला उजेडाची. मंडळं समोरून फ्लडलाइट मारतात, मग थेंब दिसतच नाहीत. मागे काळं कापड, दिवा बाजूने आणि जरा खालून. एकेक थेंब सुटा चमकतो. खाली जुने पत्रे तिरपे टाका. त्यांच्यावरचा ताडताड आवाज फुकटात मिळेल, तेवढा वेळ डीजे बंद ठेवायची हिंमत दाखवा. पत्र्यावरचं पाणी पन्हाळीने टाकीत, टाकीतून पंपाने पुन्हा वर. शारजातही तेच पाणी फिरवतात. दरसाल बोअर आणखी खोल नेणाऱ्या रावेर-यावलात पाणी गटारात सोडणारा देखावा मला तरी बघवणार नाही.

टाकी झाकून ठेवा, दिवस डासांचे आहेत. आणि पंपाच्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, तोही वायरमनकडूनच; पोरं पाण्यात हात घालणारच.