पहिली रेघ भाराची

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा डिचोलीला शेडमध्ये येऊन तू लॅपटॉप उघडलास आणि तीन महिने जिथे अडली आहेस तोच प्रश्न पुन्हा विचारलास. काका, माझ्या विजेच्या तीनचाकीला पुढे एक चाक ठेवू की दोन? मी उत्तर न देता उठलो. घरी गेल्यावर तुझा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून लिहायला बसलोय.

तुझ्या चित्रातली गाडी देखणी आहे, पण रिकामी आहे. तीत माणूस नाही, मासळीचे क्रेट नाहीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघालेली मडकी नाहीत. बाय, कागदावर पहिली रेघ भाराची काढ. काय न्यायचंय, किती किलोचं, जमिनीपासून किती उंचीवर. तेवढं काढलंस की चाकांचा प्रश्न आपोआप सुटतो. पुढे दोन चाकं असलेली गाडी वळणावर ब्रेक मारताना भक्कम उभी राहते, कारण वजन पुढे येतं आणि रुंदीही पुढेच असते. पण तुझा माल मागे, म्हणजे नेमका अरुंद बाजूला. पुढे एक चाक ठेवलंस तर माल रुंद आसावर बसतो. मात्र तो फार मागे गेला तर चढाला पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकेनासं होतं. म्हणजे ठरवणार कोण? भार.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि माझ्याकडे खनिज वाहणारे टिपर दुरुस्तीला यायचे थांबले. तेव्हा मी विजेची मालवाहू तीनचाकी बांधली, पुढे एक चाक. पावसाचं पाणी लागू नये म्हणून बॅटरी सीटखाली उंच बसवली. ती भीती खोटी नव्हती, आजही मी तसं म्हणेन. दोन महिने मीच चालवली, रिकामी. मग एका मासळीवालीचे बर्फासकट आठ क्रेट चढवले, तिला शेजारी बसवलं आणि बेतीच्या उतारावर वळताना ब्रेक दाबला. गाडी कलली ती कललीच. तिचं मनगट मोडलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला आजवर पचलेलं नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब मांडला. मागची रुंदी १.१५ मीटर, पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंत २ मीटर, गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतो तो बिंदू, पुढच्या चाकापासून १.२ मीटरवर. मध्याची उंची ५५ सेंटिमीटर असेल तर गाडी ३२ अंशांच्या तिरपीपर्यंत तग धरते. वर माल रचून तीच उंची ७० झाली की २६ अंश. आणि त्यात वळताना जरा जोराचा ब्रेक लागला की उरतात जेमतेम २१. स्प्रिंग दबतात आणि वितळलेलं पाणी क्रेटमध्ये हिंदकळतं, ते यात धरलेलंच नाही. अर्ध्या तासाचं गणित, बाय! ते मी आधी केलं नाही, कारण माझी पहिली रेघ मोटरची होती.

मोटरचंही तेच. भरलेली गाडी ७०० किलोची धर. सपाटीवर ताशी २५ किलोमीटरला सुमारे एक किलोवॅट पुरतो. आठास एक असा चढ ताशी १५ने चढायचा तर जवळजवळ चार लागतात. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर माणसं बसवून न्यायची आहेत ना? मग चाकातच बसणारी हब मोटर की एका मोटरचा जोर दोन चाकांना वाटणारं डिफरन्शियल, हे मला विचारू नकोस. भाराला विचार.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशींनी विजेच्या रिक्षेवर काम केलं, तेव्हा पायडल मारून चालवायची साधी सायकलरिक्षाही सुधारली. त्यात गियर नसणं, ब्रेक कमकुवत असणं, हे दोष त्यांना आधी दिसले. तसं बघायला शीक.

पुढे माझ्या भागीदाराला गाडीच्या टपावर कॅरियर हवा होता. गिऱ्हाईक मागतंय म्हणे. मी नाही म्हटलं. तो सोडून गेला, पैसेही गेले, घरची माणसं अजून मला हटवादी म्हणतात. म्हणोत. वजन उंच चढलं की काय होतं ते मी बेतीला पाहिलं होतं, त्याने नाही. आजही मी नाहीच म्हणेन.

बॅटरी फरशीखाली घाल, मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशा पेटीत. पाण्याला वाट बंद करता येते, उंचीवरचं वजन कोणी बंद करू शकत नाही. कनेक्टर आणि खाऱ्या वाऱ्याचा गंज यांवर मग बोलू.

रविवारी लॅपटॉप न घेता ये. शेडमध्ये माझी जुनी चासी अजून आहे, वाळूची सहा पोती भरून ठेवतो, पन्नास-पन्नास किलोची. तुझ्या आराखड्यात माल जिथे आहे तिथेच ती रचू, गाडी फळ्यांवर उभी करून फळ्यांची एक बाजू जॅकने उचलू आणि वरच्या बाजूचं चाक कितव्या अंशाला फळी सोडतं ते तू स्वतः वाच. कोनमापक माझ्याकडे आहे. जुने कपडे घालून ये.

तुझा,
काका