फोर बाय फोर जीपला मागे डिफरेन्शियल लॉकर बसवावा, की चांगले टायर पुरेसे आहेत?

आपली जुनी फोर बाय फोर जीप पावसाळ्यात शेताच्या वाटेवर अडकते, तेव्हा मागच्या डिफरेन्शियलला (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला) लॉकर, म्हणजे ती दोन्ही चाके एकत्र बांधणारे कुलूप, बसवावा की त्याच पैशात जाड नक्षीचे टायर घ्यावेत, आणि लॉकर घ्यायचाच तर कोणता, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर लॉकर असे आहे. टायर झिजल्यावर केव्हातरी बदलावेच लागतात, ते तेव्हा पाहता येईल. इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच प्रश्नावर आमचे साडू आणि मी कोल्हापुरातल्या प्रत्येक घरच्या कार्यात पंगत उठेपर्यंत वाद घातलेला आहे. त्या वादाचा निकाल भुदरगड तालुक्यातल्या एका पाणंदीत लागला, असे मी मानतो. साडू मानत नाहीत.

साडूंचे म्हणणे असे की, फोर बाय फोर टाकला की चारही चाके ओढतात, मग लॉकर हे निव्वळ चोचले. त्यांनी जीप उंच करून घेतली, मोठे टायर घातले, लोखंडी बंपर लावला, टपावर दिव्यांची रांग चढवली. लॉकरचा विषय काढला की मात्र ‘हाफ शाफ्ट मोडायचा धंदा’ म्हणून ते तो उडवून लावत. हाफ शाफ्ट म्हणजे डिफरेन्शियलपासून एकेका चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा.

जुलै महिन्यात सासुरवाडीच्या शेतावर रोपलावण चालू होती आणि आम्ही दोघे आपापल्या गाड्या घेऊन निघालो होतो. पाणंद चढाची, माती तांबडी, आणि मध्यावर पावसाने एक ओघळ वाटेला तिरका कापलेला. साडू पुढे होते. त्यांची जीप ओघळीत अशी तिरकी बसली की पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक जवळजवळ अधांतरी राहिले. फोर बाय फोर लो (चारही चाकांना कमी गती, जास्त जोर) टाकून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तेव्हा तीच दोन चाके गरगरा फिरून आमच्या अंगावर चिखल उडवू लागली. मी खाली उतरून पुढच्या उजव्या चाकाशी गेलो. ते चाक जांभ्याच्या दगडावर घट्ट टेकलेले होते आणि त्याच्या नक्षीत अडकलेला गवताचा झुबका जागचा हललासुद्धा नव्हता. नवे, महागडे टायर, उत्तम पकड, आणि चाकापर्यंत ताकदच पोहोचत नव्हती.

साडूंना जे आजही पटत नाही ते एवढेच आहे. ट्रान्स्फर केस, म्हणजे फोर बाय फोरची गिअरपेटी, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला (चाकांच्या जोडीच्या आसाला) एकत्र बांधते, परंतु प्रत्येक अ‍ॅक्सलच्या आत साधे डिफरेन्शियल दोन्ही बाजूंना समान टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत असते, आणि तो टॉर्क कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा पेलवतो त्याच्यापुढे जात नाही. अधांतरी चाक 50 न्यूटन-मीटरवरच फिरू लागले, तर दगडावरच्या चाकालाही साधारण तेवढाच टॉर्क मिळणार, मग इंजिन कितीही दांडगे असो. लॉकर दोन्ही हाफ शाफ्ट एकमेकांना जोडून टाकतो, त्यामुळे दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि ज्याला पकड आहे ते गाडी ओढते.

शेवटी शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर बोलवावा लागला. ओढताना त्याचेही एक चाक घसरू लागले, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने बोलणे न थांबवता टाचेने डिफरेन्शियल लॉकचे पेडल दाबले, दोन्ही मोठी चाके एकदम फिरली आणि जीप वर आली. आपल्याकडे ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पेडल माहीत असते. जीपवाल्यांनाच त्याचे वावडे का असावे, हे मला उमगलेले नाही. त्यानंतर मी माझी थार त्याच ओघळीत घातली. 2015 पासून त्या थारच्या मागच्या अ‍ॅक्सलला ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर कारखान्यातूनच येऊ लागला होता आणि माझी गाडी त्यानंतरची आहे. मागचे चाक क्षणभर फिरले, खालून ‘खट्’ असा आवाज आला आणि गाडी बाहेर पडली. दोन्ही चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की हा लॉकर आपोआप लागतो. साडू म्हणाले, तुमची गाडी नवी आहे. टायर मात्र माझेच साधे, रस्त्याचे होते, याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत.

आता आपल्या जीपविषयी. घाटातून नेहमी जाणे-येणे असेल, तर हवा तेव्हा लावता आणि काढता येणारा लॉकर घ्यावा, मग तो ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीच्या लॉकरसारखा हवेच्या कॉम्प्रेसरवर चालणारा असो किंवा विजेवर चालणारा. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे आणि मागे असे दोन्ही लॉक कंपनीच देते, ती पद्धत मला सर्वांत पसंत आहे. सदैव लागलेला राहून केवळ वळणावर सुटणारा ऑटोमॅटिक लॉकर तुलनेने स्वस्त पडतो, परंतु ओल्या करूळ घाटात त्याच्या भरवशावर गाडी चालवणे माझ्याच्याने होणार नाही. पुढच्या अ‍ॅक्सलचा विचार तूर्त सोडून द्यावा. पुढे लॉक लागला की स्टिअरिंग वळवणे जड जाते.

साडूंची हाफ शाफ्टची भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवे. लॉक असताना सगळी ताकद एकाच शाफ्टवर येऊ शकते, म्हणून आपण लावायचा लॉक चाक फिरत असताना लावू नये. गाडी थांबवावी, लॉक लावावा आणि हळू निघावे. आडव्या उतारावर लॉक लागलेला असेल तर मागची दोन्ही चाके एकदमच सुटतात आणि गाडीचे बूड खाली सरकते. डांबरी रस्त्यावर येताच लॉक काढावा. टायरमधली हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवून पाहणे फुकट आहे, ते आधी करावे. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरावी. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वाट सोडून गाडी घालण्यासाठी मात्र कोणताही लॉकर घेऊ नये.

काम झाल्यावर गॅरेजमधून गाडी तशीच आणू नका. पुढच्या चाकांना दगड लावून मागची दोन्ही चाके उचलून घ्या, हँडब्रेक सोडा, ट्रान्स्फर टू-व्हीलवर ठेवा, गाडी गिअरमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवा. लॉक काढलेला असताना दुसरे चाक उलट्या दिशेने फिरले पाहिजे, आणि लॉक लावल्यावर थोडी सैल हालचाल सोडली तर चाक हलताच कामा नये. हलले, तर पैसे देण्याआधी डिफरेन्शियलचे हाउसिंग (बाहेरचे कवच) पुन्हा उघडायला लावा.