पुण्यात मेकॅनिकल घेतलं तर नोकरी मिळेल का, आणि कॉलेज लाईफ कसं असतं?

मिळते रे, पण कोअरमध्ये, म्हणजे मेकॅनिकलच्याच कामात, सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुतेक कमीच असतो हे आधीच पक्कं धर. पिंपरीत टाटा मोटर्स, पुढे भोसरी, चाकण, रांजणगाव, एवढा मोठा ऑटोचा पट्टा शेजारी असणं हाच पुण्याचा खरा फायदा, पण कॅम्पसला कंपनी येईल म्हणून बसून राहिलास तर तो मिळत नाही, सेकंड इयरच्या सुट्टीतच भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये इंटर्नशिपला जा, ड्रॉइंग वाचायचं, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) नीट धरायचा, सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणारं मशीन) जॉब, म्हणजे बनवायचा पार्ट, सेट होताना बघायचा, इंटरव्ह्यूत हेच विचारतात. कॉलेजची बाहा टीम (स्पर्धेसाठी ऑफ-रोड गाडी बनवणारी) असेल तर डोळे झाकून जॉइन हो, रात्रभर गाडीचा रोल केज (पाइपांचा सांगाडा) वेल्ड करणारी पोरं वेगळीच तयार होतात. बाकी लाईफ मस्त, सबमिशनचे दिवस सोडून! फिरोदियाची (कॉलेजांमधली नाटकांची स्पर्धा) प्रॅक्टिस लागली की अर्धं कॉलेज रात्री जागंच. आणि हो, हायेस्ट पॅकेजच्या बॅनरवर अजिबात जाऊ नको, मेकॅनिकलची किती पोरं कोअरमध्ये लागली ते थेट सीनियर्सना विचार, कारण बरीच जण आयटीत जातात आणि आकडा एकत्रच दाखवला जातो.