दोन सर्व्हरसाठी व्हॉइसमेल डेटाबेसमध्ये ठेवावेत का?

इंदूरमध्ये सियागंजातील पेढीत आणि सांवेर रोडच्या गोदामात ॲस्टरिस्क या फोन यंत्रणेच्या सॉफ्टवेअरचे वेगवेगळे सर्व्हर असताना ग्राहकांचे व्हॉइसमेल, म्हणजे रेकॉर्ड केलेले निरोप, डिस्कवर ठेवावेत की मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, असे आपण विचारले आहे. सर्व्हर एकच असता तर मी डिस्कच सुचवली असती. आपल्याला मात्र निरोपांची एकच पेटी दोन्हीकडून उघडायची आहे, म्हणून डेटाबेस योग्य ठरेल. फक्त डेटाबेस पेढीत ठेवल्यास दोन जागांमधील जोडणी तुटली की गोदामातील पेटीही बंद पडेल, हे मालकांना आधीच सांगून ठेवावे.

ओडीबीसी (डेटाबेसशी जोडणारा दुवा) साठवणुकीचा पर्याय मेन्यूसिलेक्टमध्ये, म्हणजे ॲस्टरिस्क तयार करतानाच्या पर्यायांच्या यादीत, निवडून व्हॉइसमेलचे मोड्यूल तयार करावे लागते. ते काम सोपे आहे.

खरी गोम रेकॉर्डिंगच्या कॉलममध्ये आहे. मायएसक्यूएलच्या साध्या ब्लॉबमध्ये (फाइलसारखा कच्चा डेटा ठेवणाऱ्या कॉलमच्या प्रकारात) ६५,५३५ बाइटच मावतात, तर सेकंदाला ८,००० नमुने घेणारी १६ बिटांची वाव ही आवाजाची फाइल दर सेकंदाला १६,००० बाइट घेते. म्हणजे ‘नमस्कार, देवासहून बोलतोय’ एवढे होईपर्यंत जागा संपते आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असल्यास पुढचा मजकूर निमूटपणे कापला जातो. म्हणून तो कॉलम लाँगब्लॉब या मोठ्या प्रकाराचाच असावा. मिनिटभराचा निरोप सुमारे ९.६ लाख बाइटांचा होत असल्यामुळे मॅक्स अलाउड पॅकेटची (डेटाबेसला एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची) मर्यादाही आपल्या सर्वांत लांब निरोपाला पुरेल एवढी ठेवावी. वाव४९ हा दाबून लहान केलेला प्रकार निवडल्यास तोच मिनिट सुमारे ९७,५०० बाइटांत बसतो. आवाज थोडा दबतो, पण मालाची मागणी नोंदवून घ्यायला तेवढा पुरे.

डेटाबेस आला म्हणून डिस्क सुटत नाही, कारण निरोप ऐकवण्यापूर्वी ॲस्टरिस्क त्याची तात्पुरती फाइल डिस्कवर उतरवतो. एका सर्व्हरने नोंदवलेला नवा निरोप दुसऱ्याला आपोआप कळत नाही, त्यामुळे फोनवरचा नव्या निरोपाचा दिवा वेळेवर लागावा यासाठी पोलमेलबॉक्सेस ही पेट्या ठरावीक वेळाने तपासणारी सेटिंग चालू करावी. तपासणीतले अंतर ठरवणारे पोलफ्रीक ३० ठेवल्यास दर ३० सेकंदांनी तपासणी होते.

जुने निरोप काढण्यासाठी टेबलातील ओळी हाताने पुसू नयेत. त्याने निरोपांचे क्रमांक तुटतातच, शिवाय पेटीधारकाने स्वतःच्या आवाजात भरलेली स्वागतसूचनाही त्याच टेबलात, -१ या क्रमांकाने ठेवलेली असते. तारखेवरून सरसकट सफाई केली तर तीही जाईल.