लेसरने ट्रिगर होणारा स्पार्क गॅप कधी आधीच उडतो, कधी उडतच नाही, मोठा लेसर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की नायट्रोजन भरलेला ३० केव्हीचा गॅप आहे (म्हणजे दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी उडाली की बंद होणारा हाय-व्होल्टेज स्विच), एनडी-याग लेसर एका इलेक्ट्रोडच्या भोकातून आत सोडता, काही शॉट लेसर यायच्या आधीच उडतात आणि अधूनमधून लेसर मारूनही गॅप ढिम्म. माझं मत विचाराल तर मोठा लेसर आत्ता नका घेऊ. प्रीफायर लेसर यायच्या आधी होतो, म्हणजे त्यात लेसरचा संबंधच नाही. एनर्जी जास्त असली की प्रेशर चढवून गॅप आरामात चालवता येतो हे खरं, पण ते नंतरचं.

आधी लेसर बंद ठेवा, आणि व्होल्टेज हळूहळू चढवत गॅप आपोआप कितीला उडतो ते लिहून काढा, पन्नास-शंभर वेळा तरी, कंटाळा येईल पण करा. बहुतेक जण याची सरासरी काढतात आणि तिच्या ९० टक्क्यांवर गॅप चालवतात, आणि तिथेच गोची होते, कारण सरासरी ४० केव्ही असली तरी एखादा शॉट ३२ ला उडालेला असतो आणि तुमचा प्रीफायर म्हणजे नेमका तोच. तेव्हा बघायचा तो सगळ्यात खालचा आकडा, आणि चालवायचं त्याच्याही थोडं खाली. आता खाली गेलात की उलटा त्रास, लेसर आल्यापासून गॅप बंद होईपर्यंतचा वेळ वाढतो, जिटर (त्या वेळेतला शॉटागणिक फरक) वाढतो, आणि फारच खाली गेलं की मिसफायर, म्हणजे लेसर मारूनही गॅप उडतच नाही. म्हणून खरं काम आहे ते हे सेल्फ ब्रेकडाउनचे, म्हणजे आपोआप उडण्याचे, आकडे एकमेकांच्या जवळ आणणं, तेवढं जमलं तर दोन्ही तक्रारी एकदमच कमी होतात.

ते पसरतात कशामुळे? बहुतेक वेळा इलेक्ट्रोडमुळे. भोकाची कड बघा, तिथे फील्ड आधीच जास्त असतं आणि आर्कने कड खाल्ली की बारीक टोकं तयार होतात, शिवाय उडालेला धातूचा चुरा आत पडून राहतो. कड गोलसर करून घ्या, मटेरियल शक्यतो टंगस्टन-कॉपर, साधं पितळ लवकर खचतं. (उघडायच्या आधी कपॅसिटरला अर्थिंग स्टिक, म्हणजे अर्थला जोडलेली दांडी, लावून ठेवा, चार्ज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर आहे म्हणून विसंबू नका.) पॉलिश केल्यावर पहिले बरेच शॉट वेडेवाकडे येतातच, ते कंडिशनिंगचे, मोजणीत धरू नका. आणि गॅस कोंडून ठेवू नका, प्रत्येक शॉटनंतर कोरडा गॅस फिरवून जुना बाहेर काढा. चार्जिंग डीसी असेल आणि पल्स चार्जिंग शक्य असेल तर जरूर करा, गॅप जितका कमी वेळ ताणाखाली राहील तितकी आपोआप उडण्याची संधी कमी.

मिसफायरसाठी आधी लेन्स आणि विंडो पुसा, म्हणजे गंमत नाही, खरंच. लेसरच्या तोंडाशी एनर्जी बरोबर दिसते आणि काळवंडलेल्या विंडोतून निम्मीसुद्धा पोचत नाही, म्हणून मीटर विंडोच्या पलीकडे धरून मोजा (गॉगल घालून!). फोकस समोरच्या इलेक्ट्रोडवर आहे की गॅपच्या मधोमध तेही बघा, धातूवर कमी एनर्जीत प्लाझ्मा होतो पण तिथे खड्डा पडत जातो आणि मग रोज वेगळं वागणं, गॅसमध्ये जास्त एनर्जी लागते पण इलेक्ट्रोड टिकतात. नायट्रोजनमध्ये थोडा आर्गॉन मिसळून पण बघा, ट्रिगर सोपं होतं, होल्ड-ऑफ (न उडता व्होल्टेज पेलण्याची क्षमता) घटतो तो प्रेशर वाढवून परत मिळवता येतो.

जिटर मोजताना एक फोटोडायोड लेसरवर लावा आणि करंट रोगोव्स्की कॉइलवर (तारेभोवती बसवायची करंट मोजणारी कॉइल) घ्या, फरक या दोघांतला काढा. ट्रिगर बॉक्सच्या पल्सपासून मोजलंत तर लेसरचा स्वतःचा जिटरही गॅपच्या नावावर जातो.

हे फक्त छोट्या लॅबचं रडगाणं नाही बरं का. अमेरिकेत अल्बुकर्कीला सँडिया नॅशनल लॅबचं झेड मशीन आहे, प्रचंड करंटचे पल्स देणारं, त्यात असे ३६ स्विच, प्रत्येकावर काही मिलियन व्होल्ट, आत एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड, इन्सुलेशनचा गॅस), आणि २६६ नॅनोमीटरच्या यूव्ही लेसरने ते ठरलेल्या वेळेला काही नॅनोसेकंदांच्या आत बंद करायचे असतात. तिथेही लेसर फक्त एका ट्रिगर गॅपला फोडतो, पुढचे गॅप ओव्हरव्होल्टेजने आपोआप उडत जातात. एकच आधी उडाला तर अख्खा शॉट बोंबलतो.

ते वाचून एसएफ-६ घ्यायचा मोह होईल, पण ३० केव्हीला गरज नाही. आर्कनंतर त्यात विषारी गॅस तयार होतात, जरा ओल असली तर हायड्रोजन फ्लोराइड, आणि तो तुमची क्वार्ट्झची विंडोच खातो. नायट्रोजनच ठेवा, आणि सेल्फ ब्रेकडाउनचे आकडे आले की इथे टाका, त्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यासकट, मग प्रेशर किती ठेवायचं ते बघू.