कंपायलर शिकून पोट भरतं का, मॅडम?

"मॅडम, सगळी पोरं एआय शिकायलीत आणि हिला कसलं ते कंपायलर घ्यायचंय म्हणे. त्यानं पोट भरतं का, तेवढं सांगा."

श्रावणातल्या एका संध्याकाळी वडिलांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्ड मागाची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. मुलगी कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ऐच्छिक विषय निवडायचा होता. प्रोग्रॅमिंगच्या भाषा कशा घडतात, कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या सूचनांमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम, कसा लिहितात, हे तिला शिकायचं होतं आणि पुढं एम.टेक.ही त्यातच करायचं होतं. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

ज्याचा बाजारात गाजावाजा नाही असा विषय घ्यावा का, ही काळजी दर वर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे घेऊन येतं. पण मला आधी वेगळीच शंका आली. तिसऱ्या वर्षाला कॅम्पस मुलाखतींची धास्ती बसते आणि बरीच मुलं "पुढं शिकायचंय" म्हणू लागतात. अशा वेळी मुलं बोलतात ती डिग्रीबद्दल, विषयाबद्दल नाही. म्हणून वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, "कुणी सांगितलं नसताना यातलं काय केलंस?"

तिनं वही काढली. मराठीत लिहिलेलं गणित सोडवणारा छोटा प्रोग्रॅम ती घरी लिहीत होती. "पाच अधिक तीन गुणिले दोन" लिहिलं की उत्तर यायचं १६. डावीकडून वाचत गेलं की आधी बेरीज होते, आठ, मग त्याची दुप्पट. चार रात्री त्यात गेल्या. शेवटी लक्षात आलं की हिशेब ठीक आहे, व्याकरण चुकलंय. बेरीज आणि गुणाकार तिनं एकाच नियमात बसवले होते. गुणाकाराचा नियम बेरजेच्या नियमाच्या पोटात घातल्यावर वाक्याचं झाडच, म्हणजे कशाच्या आत काय हे दाखवणारी आकृतीच, बदललं. गुणाकार खालच्या फांदीवर गेला, खालचं आधी सुटतं, आणि उत्तर आलं ११. "पार्सिंग टेबल, म्हणजे वाक्य कसं फोडायचं याचे तक्ते, पाठ करून मला मार्क चांगले पडले होते मॅडम, पण ते कशाला असतं ते त्या रात्री कळलं," ती म्हणाली. माझी शंका तिथंच मिटली.

वडिलांना आत बोलावलं आणि तिला म्हटलं, आता हे त्यांना समजाव. मी संगणक शिकलेली नाही, त्यामुळं मध्ये पडले नाही. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं घ्यायचं आणि यंत्राला कळेल अशा सूचनांमध्ये उतरवायचं, एवढं ती बोलली आणि वडील म्हणाले, "म्हणजे पंचिंगच की. ग्राफवर मोर काढलेला असतो. एकेका ओळीचं एकेक कार्ड. भोक असलं की ताण्याचा धागा वर, नसलं की खाली. मागाला मोर कुठं ठाऊक असतो?" मग त्यांनी जे विचारलं ते कारागीरच विचारू शकतो. "एक भोक चुकलं की दर चादरीत त्याच जागी तोच डाग येतो. तुझ्यात ते कोण बघतं?"

"कंपायलर बघतो, प्रोग्रॅम चालायच्या आधी. आकड्याच्या जागी नाव आलं तर तिथंच अडवतो. पण नक्षीच चुकीची काढली असली तर ती तशीच विणली जाते."

"ते आमच्यातबी," वडील म्हणाले.

नोकरीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नव्हता. या कामाच्या जागा वेबसाइट-ॲपच्या कामांपेक्षा खूप कमी. त्याही मुख्यतः बेंगळुरू, हैदराबाद, पुण्याकडं, चिप बनवणाऱ्या कंपन्यांत. सी-प्लस-प्लस ही भाषा पक्की लागते, प्रोसेसर आतून कसा चालतो ते माहीत असावं लागतं, आणि एम.टेक. असेल तर दार लवकर उघडतं. पण हा "जुना विषय" आहे असं तिचे मित्र म्हणायचे, ते तिनंच खोडून काढलं. आयबीएमचा फोरट्रान कंपायलर १९५७ चा हे खरं, पण एआयवाले मॉडेल बनवायला रोज वापरतात त्या पायटॉर्च या सॉफ्टवेअरच्या २०२३ मधल्या २.० आवृत्तीची मुख्य भर म्हणजे कंपायलरच. पायथनमध्ये लिहिलेलं मॉडेल जीपीयूवर, म्हणजे एकाच वेळी ढीगभर हिशेब करणाऱ्या चिपवर, वेगानं चालावं म्हणून. नवी चिप आली की तिच्यासाठी हे उतरवण्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं.

वडिलांना मोठा आधार वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षाला असतानाही देता येते, गुण तीन वर्षं चालतात आणि त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ही माहिती पूर्व भागातल्या घराघरांत पोचायला हवी, असं मला फार वाटतं.

ठरलं ते असं : विषय घ्यायचा, कॅम्पस मुलाखती टाळायच्या नाहीत, आणि आठ आठवड्यांत त्या गणिताच्या प्रोग्रॅमची छोटी भाषा करायची, "जर", "जोवर" आणि फंक्शनसकट (फंक्शन म्हणजे नाव देऊन हवं तेव्हा हाक मारता येईल असा सूचनांचा गट).

नवरात्रात ती आली. फंक्शन अडलं होतं. फंक्शननं स्वतःलाच हाक मारली की आतल्या हाकेतला "न" हा आकडा बाहेरच्या हाकेतल्या "न"वर लिहिला जायचा. पुढच्या आठवड्यात मेसेज आला, प्रत्येक हाकेला स्वतःची वेगळी वही दिली, सुटलं.

शेवटच्या वर्षी तिच्या हातात पुण्यातली नोकरी होती आणि गेटचे बरे गुणही. तिनं आधी नोकरी धरली. घराचे हप्ते होते आणि गुणांची मुदत शिल्लक होती. मला तो निर्णय पटला, जरी मनातून वाटत होतं की तिनं लगेच जावं.

यंदा मार्चमध्ये वडिलांचा फोन आला. "मॅडम, एम.टेक.च्या मुलाखतीत काय विचारतात?" मी म्हटलं, गणित, डेटा स्ट्रक्चर आणि तिनं स्वतः काय केलंय ते. ती वही बरोबर न्यायला सांगा.